मागच्या कॅरिअरवर ८० किलो

युरियाची गोणी ४५ किलोची असते. माझ्या एटीव्हीच्या, म्हणजे मोटारसायकलसारखं वर बसून हँडलनं चालवायच्या चारचाकीच्या, मागच्या कॅरिअरची मर्यादा आहे ८० किलो. म्हणजे मागे एकच गोणी जाते, दोन जात नाहीत. गेल्या जूनमध्ये पाऊस अंगावर आला होता, टेम्पोवाल्याला परतायची घाई होती, आणि मी दोन्ही गोण्या मागे टाकून दोरी आवळली. दहा किलोच तर जास्त, असं वाटलं. चिंचेपासून चढ सुरू होतो, तिथे हँडल एकदम हलकं झालं. पुढची चाकं जमिनीला टेकलेली होती, पण टेकण्यापुरतीच. हँडल वळवलं तरी गाडी वळेना. मी अंगठा सोडला, ब्रेक दाबून धरला आणि मामांना ओरडून मागच्या चाकांखाली दगड लावायला सांगितले. गोण्या उतरवल्या, तेव्हा पुढचं टोक चांगलं दोन बोटं खाली बसलं. कोणाला काही झालं नाही. पण तेव्हापासून कुणी एटीव्हीबद्दल विचारलं की मी इंजिनापासून सुरुवात करत नाही, कॅरिअरवर चिकटवलेल्या, वजनाची मर्यादा लिहिलेल्या पिवळ्या पाटीपासून करते.

विचारणारे बरेच आहेत. आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीत ही गाडी एक रात्र उभी होती, तेव्हापासून लिफ्टमध्येही विषय निघतो. बहुतेकांनी एटीव्ही पाहिलेली असते ती अलिबागच्या किनाऱ्यावर किंवा लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवर, टायर रचून केलेल्या गोल रिंगणात. त्यामुळे "शेतावर हिचं काय काम?" हा प्रश्न ठरलेला. तो प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण उत्तर माझ्याकडे आकड्यांत आहे.

मी २६ वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्यात मेंटेनन्सला होते. पंप, व्हॉल्व्ह, प्रेशर गेज यांच्यात आयुष्य गेलं. वडिलांची मुरबाड तालुक्यात सात एकर जमीन आहे. खाली दोन एकर भाताची खाचरं, बाकी सगळी वरकस, चढाची, आणि त्या चढावर आंब्याची ६० कलमं. जमिनीवर राहतात ते मामा-मामी. नात्याचे नाहीत, पण माझ्या लहानपणापासून तिथेच आहेत, आणि दुसरं काही म्हणणं मला जमणार नाही.

दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक कलमाला दोन पाट्या शेणखत घालायचं, म्हणजे १२० पाट्या. खताचा ढीग खाली गोठ्याशी, कलमं वर. जवळचं कलम शंभर-दीडशे मीटरवर, लांबचं साडेचारशेपर्यंत. सरासरी ३५० मीटर धरा. १२० गुणिले ३५०, म्हणजे ४२ किलोमीटर डोक्यावर पाटी घेऊन चढायचं, आणि तेवढंच रिकामं उतरायचं. हे दोघं मिळून करत आले, वर्षानुवर्षं. एका पाटीत १५-१६ किलो खत बसतं. दोन वर्षांपूर्वी मामींना मानेचा पट्टा लागला आणि डॉक्टरांनी डोक्यावर वजन घ्यायचं नाही असं सांगितलं, त्या रात्री मी हा हिशोब पहिल्यांदा कागदावर मांडला. ४२ हा आकडा बघून मला झोप लागली नाही. इतकी वर्षं आपण तिथले आंबे खाल्ले.

ट्रॅक्टर चढावर येत नाही. भाड्याचा ट्रॅक्टरवाला खाचराच्या पलीकडे यायलाच तयार नसतो, आणि बांधावरची वाट फक्त पाच फूट रुंद आहे. बैलजोडी मामांनी कधीच विकली. पॉवर टिलरला ट्रॉली लावता येते, पण त्याला चढावर सांभाळायला हातात जोर लागतो, आणि मामा आता सत्तरीला आले. बाकावर बसून स्टिअरिंगनं चालवायच्या साइड-बाय-साइड गाड्याही बघितल्या. त्यांना मागे उलटता येणारा हौदा असतो, डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो, सगळं उत्तम, पण रुंदी पाच फुटांच्या आसपास. आमच्या वाटेवर एक चाक हवेत राहिलं असतं. एटीव्ही चार फूट रुंद. एका रिसॉर्टनं विकायला काढलेली, ४१२ तास चाललेली, साडेपाचशे सीसीच्या वर्गातली कामाची एटीव्ही मिळाली. बिल आणि चासी नंबर जुळवून घेतले आणि घेऊन टाकली.

तासांचं लिहिलं ते चुकून नाही. या गाड्यांचं वय किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात, जनरेटरसारखं. ओझ्याशी झटत दोन तासांत गाडी तीन किलोमीटर जाते; किलोमीटर बघून तेल बदललं तर इंजिन कधीच संपलेलं असेल. जुनी घेताना पहिला प्रश्न तोच विचारावा.

छोट्या हत्तीत फाळका उघडा ठेवून ती ठाण्यात आली, कारण ट्रेलर बनवायचा होता. रस्त्यावरून चालवत आणायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे सर्वसाधारण एटीव्हीची आरटीओत नोंदणी होत नाही. तिला नंबर प्लेट नाही, म्हणून ती स्वतःच्या आवारातच चालवायची. पोलारिसनं स्पोर्ट्समन ५७० चं एक मॉडेल ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेऊन भारतात आणलं होतं, तेवढा अपवाद मला माहीत आहे. माझी तशी नाही. फाटकाबाहेर दोनशे मीटर गावचा रस्ता आहे आणि त्यापलीकडे आमचाच एक तुकडा आहे, पण मी तिथे गाडी नेत नाही. मामांना हे पटायला वेळ लागला.

ट्रेलर वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर २२ च्या मागच्या गल्लीत बनवून घेतला. चार बाय पाच फुटांचा, मागचा फाळका काढता येणारा, गाडीच्याच मापाचे फुगीर टायर, स्वतःचं वजन १२० किलो. वेल्डिंगवाले दादा हुशार, पण त्यांना तो जड करायचा होता. "ताई, चॅनल टाकतो, आयुष्यभर वाकणार नाही." मी म्हटलं, दादा, चॅनलचं वजनही माझ्या खतातूनच जाणार. गाडीची ओढायची मर्यादा ५५० किलो, आणि त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन धरलेलं असतं. शिवाय तो आकडा सपाट जमिनीचा. ट्रेलरला ब्रेक नाही. उतारावर सगळा भार मागून गाडीला ढकलतो. म्हणून मी ४३० किलोंची जागा असूनही २४० च्या वर भरत नाही. पंधरा पाट्या.

आणि आणखी एक आकडा आहे, जो सगळ्यात जास्त विसरला जातो. माझ्या गाडीवर चढणाऱ्या एकूण वजनाची मर्यादा २२० किलो. त्यात मी आले. माझं वजन ६४. पुढच्या कॅरिअरची मर्यादा ४०, मागची ८०. हे सगळं मिळून १८४ झालं, म्हणजे ३६ उरले असं वाटतं. पण ट्रेलर जोडला की त्याचा दांडा हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर, दाबतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण एक दशांश भार तिथे यावा लागतो, नाहीतर ट्रेलर मागे कलून गाडीचं मागचं टोक उचलायला बघतो. ३६० किलोंचा ट्रेलर, म्हणजे ३६ किलो हिचवर. संपलं. तेसुद्धा नेमकं मागच्या चाकांच्या मागे, जिथे कॅरिअरचा भार आधीच आहे. म्हणून ट्रेलर असताना मी मागचं कॅरिअर रिकामं ठेवते आणि काही न्यायचंच असेल तर पुढे ठेवते. ३० किलो पुढे ठेवलं की हँडलला जीव येतो, हे हाताला लगेच कळतं.

आता गिअर. डाव्या-उजव्या पायाचं काही काम नाही, क्लच नाही. एक दांडा आहे: पी, आर, एन, एच, एल, म्हणजे पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, हाय आणि लो. आत लोखंडी दातांचे चार-पाच गिअर नसून स्कूटरसारखा रबरी पट्टा आहे, फक्त त्याहून रुंद आणि जाडजूड. दोन पुल्या जवळ-लांब होतात आणि पट्टा त्यांच्यावर वर-खाली सरकतो. याला सीव्हीटी म्हणतात. रिसॉर्टवर लोक एच लावून फिरतात आणि त्यांना एल कशासाठी आहे ते कळतच नाही. माझ्या दृष्टीनं सगळी गाडी एलसाठी घेतलेली आहे. एलमध्ये गाडी माणसाच्या चालीनं चालते आणि चाकांना मिळणारी ओढ कितीतरी वाढते. भार ओढताना, चढ चढताना, किंवा कुठेही हळू जायचं असताना एलच हवं. एचमध्ये जड ओढायला गेलात तर इंजिन जोरात फिरतं, पुली हळू फिरते आणि मधला पट्टा घासत राहतो. पहिल्या महिन्यात ते माझ्याकडून झालं. जळक्या रबराचा वास आला तो मी ओळखला, कारखान्यात व्ही-बेल्टचा तोच वास. झाकण उघडलं तर पट्ट्याच्या एका बाजूला काचेसारखा चकचकीत डाग. तशा पट्ट्यावर पुढे गाडी धक्के देत चालते. नवा पट्टा यायला तीन आठवडे लागले, आणि तोवर मी ज्यांना ज्यांना गाडीवर बसवलं होतं त्या सगळ्यांना एल म्हणजे काय ते समजावलं. आता एक जादा पट्टा गोठ्याच्या माळ्यावर पिशवीत असतो.

उतरतानाही एल. अंगठा सोडला की इंजिन गाडीला अडवून धरतं आणि ब्रेक गरम होत नाहीत. पण हे सगळ्या गाड्यांत सारखं नसतं. काही सीव्हीटी गाड्यांत इंजिनाचे फेरे खाली आले की पुली पट्टा सोडते आणि गाडी मोकळी पळायला लागते. इंजिन ब्रेकिंगची वेगळी सोय आहे की नाही ते घेण्याआधी उतारावर स्वतः उतरून बघा. आमच्यासारखी चढाची जमीन असेल तर ती सोय नसलेली गाडी, कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नका.

अंगठा म्हणाले ते ॲक्सिलरेटरचं. मोटारसायकलसारखी मूठ पिळायची नसते. उजव्या मुठीखाली एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्यानं ढकलायची. कारण साधं आहे. खडबडीत जमिनीवर अंग मागे फेकलं गेलं तर हात मूठ धरून मागेच ओढला जातो, आणि पिळायची मूठ असती तर नेमकी त्याच वेळी गाडी सुसाट सुटली असती. आणि अंग तर सतत हलवावं लागतं. चढताना पुढे वाकायचं, उतरताना मागे सरकायचं, आडव्या उतारावर वरच्या बाजूला कलायचं. पुस्तिकेत १५ अंशांपेक्षा जास्त चढावर नेऊ नका असं लिहिलंय. मी मोबाईलमधलं लेव्हल घेऊन सगळी वाट मोजली. एक मीटर पुढे गेल्यावर २७ सेंटीमीटर चढ, तो १५ अंशांचा. आमची वाट जास्तीत जास्त अकरा अंशांची आहे, फक्त विहिरीमागचा तुकडा अठरा. तिथे दोन खांब रोवून तार बांधली. तिथल्या चार कलमांना खत अजून हातानंच जातं, पण वरच्या वाटेपर्यंत ट्रेलरनं येतं आणि तिथून पंधरा पावलं.

मामांना चार चाकांचं फार नवल नव्हतं. त्यांचा प्रश्न होता, "तीन चाकांची नसती का मिळाली, रिक्षासारखी? बांधावरनं नीट गेली असती." त्यांना सांगितलं की सुरुवात तीन चाकांनीच झाली होती. होंडानं १९७० मध्ये अमेरिकेत तीनचाकी आणली, फुग्यासारख्या टायरांची. चालवायला मजेशीर, पण वळणावर उलटायची. सुझुकीनं १९८२ मध्ये चारचाकी काढली, आणि १९८८ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यानंतर अमेरिकेत नव्या तीनचाकींची विक्रीच थांबली. मामा ऐकून म्हणाले, "मग बरं केलंत."

उलटण्याची भीती चारचाकीतही संपलेली नाही. ऑस्ट्रेलियात शेतावर या गाड्यांखाली सापडून इतके मृत्यू झाले की तिथे ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या प्रत्येक नव्या क्वाड बाईकला, म्हणजे एटीव्हीला, चालकाच्या मागे संरक्षक कमान सक्तीची केली. गाडी उलटली तरी अंगावर पूर्ण आडवी होऊ नये, एवढी पोकळी राहावी, यासाठी ती कमान. हे वाचून मी वागळेच्या दादांना विचारलं. ते लगेच तयार झाले, दीड इंची पाईप वाकवून देतो म्हणाले. दोन दिवस विचार केला आणि नको म्हटलं. किती भाराला वाकते, कुठे तुटते हे कुणीही तपासलेलं नसताना डोक्यामागे पाईप बसवायचा आणि त्यावर विसंबायचं, हे माझ्या नोकरीनं मला शिकवलेलं नाही. तपासणी झालेली तयार कमान मिळवायचा प्रयत्न चालू आहे. तोवर हेल्मेट, बूट, एकटीनं चढावर जायचं नाही, आणि मागच्या कॅरिअरवर माणूस बसवायचा नाही. माझी सीट एकाची आहे. भाचीचा मुलगा अकरा वर्षांचा, सुट्टीत आला की हट्ट करतो, डोळ्यांत पाणी आणतो. सोळा वर्षांखालच्यांसाठी ही गाडी नाही असं टाकीवर लिहिलेलं आहे, ते त्याला वाचायला लावते. वाईट वाटतं, पण देत नाही.

टायरबद्दल मात्र मला भरभरून लिहायचंय, कारण या गाडीची खरी करामत तिथे आहे. पंचवीस इंची टायर, आणि त्यातली हवा फक्त ५ ते ७ पीएसआय. तुमच्या गाडीत ३० च्या वर असते. हाताच्या तळव्यानं दाबला तर टायर आत जातो. ते मऊ बूड जमिनीवर पसरतं, वजन वाटलं जातं, आणि सव्वातीनशे किलोंची गाडी ओल्या खाचराच्या कडेवरून जाते तरी माझ्या टाचेएवढाही खड्डा पडत नाही. पहिल्या वेळी मी बघत उभीच राहिले होते. माझ्या बुटाचा ठसा खोल आणि चाकाचा उथळ, शेजारी शेजारी. दगडावरून जाताना टायर दगडाला गिळल्यासारखा वाकतो. एकदा पंक्चर झालं म्हणून चाक काढून बाजारातल्या एका दुकानात पाठवलं, तिथे सवयीनं २५ भरले. त्या संध्याकाळी गाडी चेंडूसारखी उडायला लागली, एक चाक सतत दुसऱ्यापेक्षा उंच, आणि सपाटीवरही डावीकडे ओढ. त्यांचा दोष म्हणता येणार नाही. त्यांच्या गेजवर ५ आणि ७ मधला फरक दिसतच नाही, काटा तळाशी थरथरतो. म्हणून शून्य ते पंधरापर्यंतचं वेगळं कमी दाबाचं गेज घेतलं. दर शनिवारी पोचल्यावर पहिलं काम, चहाच्याही आधी, चार टायर आणि ट्रेलरचे दोन.

फोर-व्हील ड्राइव्हचं बटण आहे, पण ते घसरायला लागल्यावर दाबायचं नाही, घसरायच्या आधी दाबायचं. माझ्या गाडीत बटण दाबलं तरी पुढची चाकं नुसती तयार राहतात. मागची फिरून घसरायला लागली की त्यांना ओढ मिळते. चाकं गरगर फिरत असताना बटण दाबलं तर दातांना झटका बसतो. ओल्या दिवसांत गाडी सुरू केली की बटण चालू, काम संपवून उभी करताना बंद.

पाण्याचं सांगायला हवं. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात ओहोळ तासाभरात गुडघ्यावर येतो. गाडीची हवा घ्यायची नळी उंच असते, त्यामुळे इंजिन लवकर पाणी पीत नाही, पण पट्ट्याच्या डब्यालाही हवेच्या नळ्या असतात आणि तिथे पाणी गेलं की इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. पट्टा साबण लावल्यासारखा सटकतो. तसं झालं तर डब्याखालचं बूच काढायचं, पाणी निथळू द्यायचं, गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन थोडं पळवायचं, म्हणजे पट्टा आतल्या आत सुकतो. मी हे एकदा केलंय, पावसात, टॉर्च दातांत धरून. पाय ठेवायच्या पट्टीपर्यंत पाणी ही आता माझी हद्द. वाहत्या पाण्यात तेवढंही नाही, कारण ते फुगीर टायर तरंगायला बघतात.

विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारी विजेची चरखी, पुढे बसवलेली आहे, २,५०० पौंडांची, म्हणजे साधारण ११३० किलो. हा आकडा मात्र दोर ड्रमवरून जवळजवळ पूर्ण सोडलेला असतो तेव्हाचा. ड्रमवर दोराचे थर जेवढे जास्त तेवढी ओढ कमी. ऑगस्टमध्ये पुढची चाकं खाचरात उतरून पोटापर्यंत चिखलात बसली, तेव्हा ऐनाच्या झाडाला रुंद पट्टा बांधला, साल कापली जाऊ नये म्हणून, आणि दोर कप्पीतून परत गाडीच्या हुकाला आणला. कप्पीनं ओढ दुप्पट, वेग निम्मा. दोरावर मधोमध ओलं गोणपाट टाकलं. दोर तुटलाच तर ते त्याला खाली पाडतं. विंच पूर्ण ताकदीला शंभर अँपिअरच्या घरात करंट खाते, गाडीचं चार्जिंग तेवढं देऊच शकत नाही, म्हणून इंजिन चालू ठेवून दहा सेकंद ओढायचं, थांबायचं, पुन्हा दहा. मामा बांधावर उभे राहून तोंडानं मोजत होते. सहाव्या दहाला चिखलानं तो विशिष्ट आवाज केला, पाय काढताना होतो तसा, आणि गाडी बाहेर आली. ड्रमवर निदान पाच वेढे कायम राहू द्यायचे, हे कुणी विसरू नये; शेवटची गाठ भार घेण्यासाठी नसते.

नांगरणी, चिखलणी ही हिची कामं नाहीत. भातासाठी पॉवर टिलर भाड्यानं येतो तो येतोच. शंभर लिटरची फवारणीची टाकी मागे बसवायचा सल्ला एकानं दिला. शंभर लिटर म्हणजे पाण्याचेच शंभर किलो, वर पंप आणि टाकी. मी पन्नास लिटरची घेतली. तीही अर्धी झाली की आतलं पाणी हिंदकळतं आणि आडव्या उतारावर गाडीला खालच्या बाजूला धक्का देतं, म्हणून एक तर भरलेली न्यायची किंवा अर्ध्यावर आली की सपाटीवरच संपवायची.

मामींनी हिचं नाव मुठा ठेवलंय. पहिल्या पावसाला खाचरातून बाहेर पडतात ते काळे मुठे, तसेच पाय फाकवून चालते म्हणतात.

या मे महिन्यात १२० पाट्या खत आठ फेऱ्यांत वर गेलं, एका सकाळी. मामी वर कलमांपाशी बसून आळ्यात खत पसरत होत्या, पट्टा गळ्यात होता. पाचव्या फेरीला त्या म्हणाल्या, "मला शिकवा की." मी थांबले. मग दोन रविवार खळ्यावर शिकवलं, फक्त एलमध्ये: अंगठा, ब्रेक, थांबणं, मागे घेणं. अंगठा सोडला की गाडी थांबते हे कळल्यावर त्यांची भीती गेली. तिसऱ्या रविवारी रिकामा ट्रेलर घेऊन त्या वर गेल्या, मी वरच्या बाजूनं शेजारून चालत होते. बाराव्या कलमाशी त्यांनी गाडी उभी केली, दांडा पी वर आणला, ब्रेक ओढला, आणि मी काही बोलायच्या आत उतरून मागच्या चाकाखाली दगड सरकवला.

खाली आल्यावर म्हणाल्या, "राहिलेल्या खताच्या पंधरा भरू का?"

"पहिल्या फेरीला दहा," मी म्हटलं.

मामा भरून देत होते, त्या मोठ्यानं मोजत होत्या. दहाव्या पाटीला त्यांनी मामांचा हात धरला, ट्रेलरच्या टायरवर तळवा दाबून बघितला, मी बघते तसा, आणि हेल्मेटचा पट्टा लावायला हनुवटी माझ्याकडे केली.